तळटीप १४ : देवळाली संख्या

१४. देवळाली संख्या : १५ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज (१ + ५) मिळवली की २१ येते. अशा रीतीने जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून मिळू शकत नाही, ती देवळाली संख्या; उदा. २०, ३१, ४२, ५३. ‘सेल्फ नंबर’ म्हणतात तो हाच. ही कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची. जन्म डहाणूचा, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. तेव्हा वरील ‘मास्तर’ हे संबोधन शब्दशः घ्यावे. ६१७४ हा कापरेकर स्थिरांकही त्यांचाच. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. पृष्ठावरील पत्रव्यवहार त्याआधीचा आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यातील एकटेपणा उमगणार नाही.