आंबट आणि शेतघरी बिअरविषयीची पुस्तके (बेल्जियन पद्धत)

लांबिक, ग्यूझ (लांबिकांचे मिश्रण), सेझाँ यांसारख्या बेल्जियन बिअर घरी कशा आंबवाव्यात हे शिकवणारे, मुख्यतः अमेरिकेत लिहिले गेलेले इंग्रजी साहित्य. घरगुती बिअरला तेथे १९७८ च्या संघीय कायद्याने मोकळीक मिळाली. यांतील बहुतेक पुस्तके कोलोरॅडोतील ब्रूअर्स पब्लिकेशन्सची आहेत. घरगुती बिअरची प्राथमिक पुस्तके रानटी यीस्ट आणि जीवाणू भांड्याबाहेर ठेवायला शिकवतात. ही पुस्तके त्यांनाच कामाला लावतात.

लांबिक (१९९०) : झाँ-झाव्हिए गिनार यांचे हे छोटेखानी पुस्तक या शाखेचा पाया मानावे लागते. लांबिकसाठी ब्रसेल्सजवळ सेन नदीच्या खोऱ्यात बार्लीचे माल्ट आणि कच्चा गहू यांचा उकळलेला रस उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात, मग लाकडी पिंपांत भरतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. पहिल्या महिन्यात आंत्रजीवाणू, मग सॅकॅरोमायसीस यीस्ट, तीन-चार महिन्यांनी पेडियोकॉकस जीवाणू आणि आठेक महिन्यांनी ब्रेटानोमायसीस यीस्ट, असा साधारण क्रम असतो. लव्हेनच्या संशोधकांनी तो १९७७ मध्ये मांडला होता. मधल्या काळात पेडियोकॉकसमुळे बिअरला तार सुटते, म्हणजे ती बुळबुळीत होते. अशी बिअर ओतून देऊ नये. ब्रेटानोमायसीस ती तार पुढे मोडतो. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय पुढची कोणतीही कृती नीट कळत नाही.

फार्महाउस एल्स (२००४) : लेखक फिल मार्कोव्स्की. विषय एनो प्रांतातील सेझाँ आणि उत्तर फ्रान्समधील बिएर द गार्द. सेझाँच्या इतिहासावरील ईव्हान द बेट्स यांचे प्रकरण पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. शेतमजुरांसाठीची मूळ सेझाँ किती सौम्य आणि किती आंबट होती, याबाबत मतभेद आहेत. तूर्प गावच्या द्युपाँ ब्रूअरीचे सेझाँ यीस्ट ३० अंश सेल्सिअसच्या वरही काम करते, पण मध्येच अडून बसते. घरी करणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे.

वाइल्ड ब्रूज (२००५) : जेफ स्पॅरो यांच्या या पुस्तकातील भांड्यांचा तक्ता फार उपयोगी. दरवर्षी दर लिटरमागे रोडेनबाख ब्रूअरीच्या मोठ्या लाकडी पिंपात ०.५३ घन सेंमी. ऑक्सिजन शिरतो, तर घरगुती प्लॅस्टिकच्या बादलीत २२०. ॲसिटिक जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. बादलीत वर्षभर ठेवलेली बिअर शिरक्याकडे का झुकते, हे या दोन आकड्यांतून उमगते.

अमेरिकन सावर बिअर्स (२०१४) : मायकेल टॉन्समायर. बेल्जियन मुळांपेक्षा अमेरिकी ब्रूअरींच्या पद्धतींवर भर. मिश्रण आणि फळे यांवरील भाग सविस्तर. लेखक घरगुती बिअर करणारे. पुढे मेरीलँडमधील सॅपवुड सेलर्सचे सहसंस्थापक.

फ्लँडर्सची तांबडी बिअर हा प्रकार स्पॅरो आणि टॉन्समायर यांच्या पुस्तकांत अंतर्भूत आहे.

लार्स मारियुस गार्शोल यांचे २०२० मधील पुस्तक शेतघरी बिअरवरचेच, पण भर नॉर्वे आणि बाल्टिक भागावर.