मुठीचे माप : रघूजी भोसल्यांच्या फिरंगेपासून खिशातील पिस्तुलापर्यंत

शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन करताना आपले लक्ष बहुधा शस्त्राच्या मारक भागाकडे असते. तलवारीचे वर्णन करावयाचे तर पात्याची लांबी, वक्रता व पोलाद यांचा विचार होतो. बंदुकीचे करावयाचे तर नळीचा व्यास, पल्ला व गोळीचे वजन यांचा. ज्या भागावाटे शस्त्र माणसाच्या स्वाधीन होते ती मूठ मात्र नक्षीकामाच्या सदरात जमा होते. वस्तुतः शस्त्र आणि समाज यांचा संबंध जेथे प्रत्यक्ष जडतो ते ठिकाण मूठच होय. मूठ हाताच्या मापाने घडविली जात होती, की हातालाच मुठीच्या मापाशी जुळवून घ्यावे लागत होते, आणि ही निवड कोणाच्या अधिकारात होती, या प्रश्नाचा मागोवा महाराष्ट्रातील काही निश्चित उदाहरणांच्या आधारे घेण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

(१)

प्रारंभी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातील एक उदाहरण घेऊ. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. परंतु हा सर्व प्रदेश अठराव्या शतकात सेनासाहेब सुभा रघूजी भोसले (मृत्यू १७५५) यांनी उभारलेल्या राज्यात मोडत होता, आणि तिसऱ्या रघूजींच्या १८५३ मधील निधनानंतर ते राज्य खालसा होईपर्यंत तो भोसल्यांकडेच राहिला. पहिल्या रघूजींच्या नावाची एक तलवार लंडन येथील लिलावात एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली व ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आणण्यात आली. या तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे आहे. त्यावर रघूजींच्या नावाचा व पदवीचा देवनागरी लेख सोन्याने कोरलेला असून त्यात तिला ‘फिरंग’ म्हटले आहे. मूठ मात्र येथील, मुल्हेरी घाटाची. तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे आणि ती हिरव्या कापडाने मढविलेली आहे.

पाते परदेशी आणि मूठ स्वदेशी, ही जोडणी अपवादात्मक नव्हे. मराठ्यांच्या अनेक फिरंगा अशाच आहेत. पोलाद कोठले चांगले याची परीक्षा करून पाते दूरदेशीहून आणावे, आणि हाताला ज्याची सवय आहे ती मूठ त्यास येथे बसवावी, असा हा व्यवहार होता. तो शक्य झाला याचे कारण तलवारीच्या रचनेतच आहे. आपल्याकडील तलवारीच्या पात्याचा मागील निमुळता भाग धातूच्या पोकळ मुठीत घालून लाख वा राळ यांच्या साहाय्याने पक्का केलेला असे. मूठ तापविली की लाख मऊ होई, पाते मोकळे होई आणि त्यास दुसरी मूठ बसविता येई. पळस व कुसुम यांच्या फांद्यांवरील लाख गोंदियाच्या जंगलांत पूर्वापार गोळा केली जाते, आणि तिचा व्यापार पुढे या भागाचा एक ओळखीचा धंदा झाला. शस्त्रेतिहासात हा सामान्य पदार्थ महत्त्वाचा ठरतो, कारण त्याच्यामुळे मूठ ही बदलता येण्याजोगी वस्तू झाली. शिकलगार पात्यास धार देई, मूठ सैल झाली तर ती पुन्हा बसवी आणि आतील गादी झिजली तर ती नवी घाली. शस्त्र हाताशी जुळविण्याची सोय अशा रीतीने गावातील कारागिराच्या पेटीत होती.

(२)

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. संग्रहालयांत भारतीय तलवारीची मूठ पाहून, ‘पूर्वीच्या लोकांचे हात फार लहान असले पाहिजेत,’ असा अभिप्राय वारंवार ऐकू येतो. आजच्या मनुष्याने ती मूठ हाती घेतली तर पंजा आत आवळला जातो व मनगट अडते, हे खरे आहे. परंतु त्यावरून काढलेले अनुमान टिकत नाही. मूठ मोकळी असावी, मनगट सर्व बाजूंनी वळावे आणि तलवारीचे टोक पुढे रोखता यावे, ही अपेक्षा युरोपीय खड्गविद्येतील आहे. आपल्याकडील वक्र तलवारीचा मुख्य वार खेचून कापण्याचा असून तो खांदा व कोपर यांच्या बळावर होतो. मुठीच्या शेवटी असलेली कटोरीसारखी चकती मनगटाला टेकते व त्यास वाजवीपेक्षा अधिक वळू देत नाही. मुठीचा फुगीर मध्यभाग तळहात भरून काढतो. घोड्यावरून वार करताना शस्त्र हातातून निसटू नये, यासाठी केलेली ही योजना आहे. तिचा आवळपणा हा दोष नसून तिचे प्रयोजन आहे.

याच भूमीतील पट्टा पाहिला म्हणजे शंका उरत नाही. पट्ट्याची मूठ कोपराच्या दिशेने जाणाऱ्या लोखंडी आवरणात असते. आतील आडव्या दांडीवर पंजा आवळला जातो आणि मनगट जवळजवळ पूर्णपणे जखडले जाते. जे लोक अशी मूठ मुद्दाम घडवितात त्यांच्या हाताच्या आकाराविषयी तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती त्यांची युद्धपद्धती. तात्पर्य, मूठ हाताला ‘बसते’ म्हणजे काय, याचे उत्तर केवळ पंजाच्या लांबीरुंदीत नाही. त्या हाताकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, यावर ते अवलंबून आहे.

(३)

एकोणिसाव्या शतकात ही सर्व व्यवस्था मोडली. १८१८ मध्ये गोंदियाजवळील कामठा येथील जमीनदार चिमणा पटेल याने केलेला उठाव इंग्रजांनी मोडून काढला. त्या काळात जमीनदाराच्या पदरी शस्त्रे असणे ही स्वाभाविक गोष्ट होती. पुढे साठ वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. त्यान्वये शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला, आणि नियमांद्वारे युरोपियनांना त्यातून सूट देण्यात आली. या कायद्याच्या राजकीय परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याचा दुसरा परिणाम तितकाच खोल होता. शस्त्र निवडण्याचा, पारखून घेण्याचा व हाताशी जुळवून घेण्याचा परिपाठच समाजातून नाहीसा झाला. ज्यास शस्त्र उघडपणे दुकानात जाऊन घेता येत नाही, त्यास जे हाती पडेल ते घ्यावे लागते.

२२ जून १८९७ रोजी पुण्यास गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. या घटनेतील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. दामोदर व बाळकृष्ण यांनी पिस्तुलांबरोबर तलवारीही नेल्या होत्या. परंतु त्या जवळ बाळगणे अडचणीचे वाटल्यावरून त्यांनी त्या एका मोरीखाली ठेवून दिल्या व केवळ पिस्तुले घेऊन ते पुढे गेले. परंपरेने पवित्र मानलेले शस्त्र मोरीखाली राहिले आणि अंगरख्याखाली लपणारे शस्त्र सोबत आले. शस्त्राच्या योग्यतेची कसोटी येथे बदललेली दिसते. ते हातात कसे बसते याहून ते दृष्टीआड कसे राहते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला.

(४)

या नव्या कसोटीस उतरणारे शस्त्र नेमके त्याच सुमारास युरोपात तयार होत होते. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग याने आखलेले पिस्तूल बेल्जियममधील लिएजनजीकच्या हर्स्टल येथील ‘फाब्रीक नास्योनाल’ या कारखान्याने १८९९-१९०० च्या सुमारास बाजारात आणले. तत्पूर्वीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात भरीत; त्यामुळे शस्त्राचा मध्य फुगीर राही. इंग्रज अधिकारी वापरीत ते वेब्ली रिव्हॉल्व्हर सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे असे. ब्राउनिंगच्या रचनेत गोळ्या एकीवर एक रचून मुठीच्या पोकळीत ठेवल्या होत्या. त्यामुळे शस्त्र चपटे झाले. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, वजन सुमारे ६२५ ग्रॅम आणि आत सात गोळ्या, असा त्याचा बेत होता.

या रचनेने मुठीचे स्वरूपच पालटले. पूर्वी मूठ ही केवळ धरण्याची जागा होती. आता ती दारूगोळ्याचे कोठारही झाली. साहजिकच तिची जाडी गोळीच्या मापाने ठरू लागली. ब्राउनिंगने या पिस्तुलासाठी ७.६५ मिलिमीटर व्यासाची आखूड गोळी योजिली, म्हणूनच मूठ सडपातळ राहू शकली. परंतु लाख मऊ करून मूठ बदलण्याची सोय येथे नव्हती. मुठीवरील दोन बाजूंच्या पट्ट्या तेवढ्या काढता येत. मुठीचा सांगाडा शस्त्राच्या देहाशी एकजीव होता. कारखान्याने एक माप ठरविले आणि जगाने त्यात आपला हात बसवावा, असा हा नवा करार होता.

जगाने तो स्वीकारला. १९०४ मध्ये हेलसिंकी येथे रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर एका फिनिश तरुणाने, आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या स्थानकावर जपानचे इतो हिरोबुमी यांच्यावर आन जुंग-गून या कोरियन देशभक्ताने ब्राउनिंग पिस्तुलानेच गोळ्या झाडल्या. हार्बिनच्या घटनेस दोन महिनेही झाले नव्हते, तोच २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना ठार केले. कान्हेरे त्या वेळी अठरा वर्षांच्या आतबाहेरचे, औरंगाबादेस शिकणारे विद्यार्थी होते. त्यांच्या हातातील ब्राउनिंग पिस्तूल हे लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्यासोबत, पेटीच्या दुहेरी तळात लपवून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि त्या पिस्तुलांच्या धाग्यावरून सावरकरांवरील खटल्याची उभारणी झाली.

या वीस पिस्तुलांकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे. ती सर्व एका मापाची होती. ज्यांच्या हाती ती पडणार होती त्यांच्यापैकी कोणाचाही हात ती विकत घेताना मोजला गेला नव्हता. पेटीच्या तळाची खोली हेच त्यांचे खरे माप होते. रघूजींची फिरंग आणि कान्हेऱ्यांचे पिस्तूल, दोन्हींचे पोलाद परदेशचेच. परंतु पहिल्याची मूठ धन्याच्या हातासाठी येथे घडली, आणि दुसऱ्याची मूठ हाताचा विचार न करता समुद्र ओलांडून आली. दीडशे वर्षांच्या अंतरात काय गमावले गेले, हे या एका भेदावरून स्पष्ट होते.

(५)

पिस्तूल हाताला बसते की नाही हे तीन मापांवरून ठरते. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यापासून घोड्यापर्यंतचे अंतर हे पहिले. ते फार असेल तर बोटाचे टोकच घोड्यावर पोचते व शस्त्र तिरपे ओढले जाते. फार कमी असेल तर बोट वाजवीपेक्षा पुढे जाते. मुठीचा घेर हे दुसरे माप, आणि तिची उंची हे तिसरे. आटोपशीर पिस्तुलात उंचीच प्रथम कापली जाते; मग करंगळीस जागा उरत नाही आणि धक्क्याच्या वेळी पकड ढिली होते. लपविण्याची सोय व धरण्याची सोय यांत असा मूलभूत विरोध आहे. पाश्चात्त्य कारखान्यांनी त्यावर तोड काढली ती उशिरा. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या जर्मन वाल्थर पी-९९ पिस्तुलात मुठीची पाठ लहानमोठी बदलून बसविता येऊ लागली. शिकलगार जे लाखेने साधीत होता ते कारखान्याने प्लॅस्टिकने साधले.

आपल्याकडील परिस्थिती मात्र कायद्याने वेगळी ठेवली आहे. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील व्यवस्थेत ९ मिलिमीटर, .३८ इत्यादी मापांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकास प्रतिबंधित आहेत, आणि विदेशी शस्त्र नव्याने आयात करण्याची मुभा सामान्य परवानाधारकास नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून आत्मसंरक्षणासाठी परवाना मिळालाच, तरी निवड मुख्यतः .३२ मापाच्या मोजक्या देशी शस्त्रांपुरती राहते. त्यांपैकी ‘अशनी’ या सरकारी कारखान्याच्या पिस्तुलातील गोळी म्हणजे ब्राउनिंगने १८९९ मध्ये सिद्ध केलेली तीच ७.६५ मिलिमीटरची गोळी होय. नाशिकच्या नाट्यगृहात जिचा स्फोट झाला तीच गोळी कायद्याच्या चाळणीतून आजच्या परवानाधारकाच्या वाट्यास आली, हा इतिहासाचा चमत्कारिक योग आहे.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलोग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर विशेषतः स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले. वापरणाऱ्या व्यक्तीचा विचार शस्त्ररचनेत झाला ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. तथापि हलकेपणा म्हणजे हाताला बसणे नव्हे. गोळी तीच ठेवून शस्त्र हलके केले की धक्का वाढतो, आणि तो सोसण्यास मूठ अधिक काळजीने घडवावी लागते. ‘लहान हातास लहान शस्त्र’ हे अनुमान संग्रहालयातील ‘लहान मूठ म्हणून लहान हात’ या अनुमानाचेच उलटे रूप आहे. दोन्हींत हात मोजला जातो, हाताचे काम मोजले जात नाही.

वरील विवेचनावरून असे दिसते की, मूठ हाताला बसणे ही केवळ कारागिरीची बाब कधीच नव्हती. अठराव्या शतकात ती धनी व कारागीर यांच्यातील समोरासमोरच्या व्यवहाराने ठरत होती; १८७८ नंतर ती बंदी व गुप्तता यांनी ठरली; आज ती परवाना आणि गोळीचे अनुज्ञेय माप यांनी ठरते. शस्त्रांवर समाजाचे नियंत्रण असावे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु संग्रहालयातील एखादी मूठ हाती घेताना, ती कोणाच्या मापाने घडली हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. रघूजींच्या तलवारीवरील हिरव्या कापडाचे मोल तिच्यावरील सोन्याहून कमी नाही; ते शस्त्र कोणा एका विशिष्ट हातासाठी सिद्ध झाले होते, याची ते साक्ष देते.