पिऱ्हस : जिंकूनही हरलेला राजा

पिऱ्हस हा वायव्य ग्रीसमधील एपिरसचा राजा. त्याचा जन्म इ.स.पू. ३१९च्या सुमारास झाला. वडिलांची गादी गेल्याने त्याचे बालपण इलिरियात परक्यांच्या आश्रयाने गेले. तरुणपणी तो इजिप्तच्या टॉलेमीकडे ओलीस राहिला आणि त्याच्याच मदतीने इ.स.पू. २९७ मध्ये त्याने एपिरसची गादी परत मिळवली.

दक्षिण इटलीतील टॅरेंटम या ग्रीक नगराने रोमविरुद्ध त्याला साह्यास बोलावले. इ.स.पू. २८० मध्ये सुमारे २५ हजारांची फौज व २० हत्ती घेऊन तो निघाला. हत्तीदलाशी रोमनांची ही पहिलीच गाठ होती. हेराक्लिया आणि पुढच्याच वर्षी ॲस्क्युलम येथे पिऱ्हसने विजय मिळवला. परंतु त्याचे कसलेले सैनिक व निष्ठावान सेनानी मोठ्या संख्येने कामी आले. रोमला नवे सैन्य घरच्याच भूमीत उभारता येई. पिऱ्हसची कुमक समुद्रापलीकडे होती. असा आणखी एक विजय आपला सर्वनाश करील, असे उद्गार त्याने काढल्याचे प्लुटार्क सांगतो.

सिसिलीत कार्थेजविरुद्ध त्याला आरंभी यश मिळाले; पण त्याच्या कठोर कारभाराने तेथील ग्रीक नगरेच दुरावली. इ.स.पू. २७५ मध्ये बेनेव्हेंटमच्या लढाईनंतर त्याने इटली सोडली. इ.स.पू. २७२ मध्ये आर्गोसच्या रस्त्यांवरील लढाईत एका स्त्रीने छपरावरून फेकलेले कौल लागून तो कोसळला आणि शत्रूने त्याचा शिरच्छेद केला.

पराभवाइतकी किंमत मोजायला लावणाऱ्या यशाला आजही ‘पिऱ्हिक विजय’ म्हणतात.