बास ट्रॅप (घरगुती)

खोलीत साचणारे खर्जातले ध्वनी शोषण्यासाठी कोपऱ्यात उभा केलेला जाड, सच्छिद्र शोषक. घरी तो ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या पाट्या लाकडी चौकटीत बसवून, वर कापड ताणून करतात.

गाझियाबादमधील इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा या वसाहतींच्या फ्लॅटमध्ये घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्याची गरज अमेरिकी पुस्तकांत सांगितल्यापेक्षा जास्त असते. तिकडच्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्सम भिंती थोड्या हलतात; काही बास शोषतात, काही बाहेर सोडतात. काँक्रीट आणि प्लास्टर केलेली विटांची भिंत तो जवळजवळ सगळा परत फेकते. खोली १० बाय १२ फूट आणि छतही १० फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंचीचे अनुनाद दोन्ही ५६ हर्ट्झच्या आसपास एकावर एक बसतात; लांबीचा ४७ हर्ट्झला पडतो. मग डग्ग्याचा घुमारा एका जागी फुगतो आणि दोन पावलांवर हरवतो.

तंतूंच्या जाळ्यातून हवा मागेपुढे होताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलते. मात्र कठीण भिंतीला लागून हवा हलूच शकत नाही. तिथे दाब सर्वाधिक, कणांचा वेग शून्य. वेग कमाल होतो भिंतीपासून पाव तरंगलांबीवर: १०० हर्ट्झला सुमारे ८६ सेंमी., ५६ हर्ट्झला दीड मीटर. म्हणून भिंतीवर चिकटवलेला इंचभर फोम किंवा अंड्यांचे ट्रे बासपुढे निरुपयोगी ठरतात. त्यांवर पैसे घालवू नयेत.

खोलीचे सगळे अनुनाद कोपऱ्यांत पोहोचतात. ६० सेंमी. रुंद, १० सेंमी. जाड पाटी तिथे तिरकी लावली, की तिच्या मागे मध्यभागी ३० सेंमी. पोकळी मिळते आणि पाटी हलत्या हवेत येते. त्रिकोणी तुकड्यांनी जमिनीपासून छतापर्यंत कोपरा भरणे याहून सरस. इतक्या जाडीला हलके ग्लासवूल चांगले; फार दाट माल ध्वनीला आत शिरू देत नाही. तरीही ५० हर्ट्झच्या खाली सच्छिद्र ट्रॅपचा प्रभाव झपाट्याने उतरतो. तिथे पडद्याचे किंवा पोकळीचे अनुनादी शोषक लागतात.

कापड असे निवडावे, की तोंडाने मारलेली फुंकर आरपार जावी. काचतंतू त्वचेला खाज आणतात, म्हणून कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. शेजारच्या घरात जाणारा आवाज बास ट्रॅपने थांबत नाही. त्यासाठी जड आणि फटी नसलेली भिंतच लागते.