नमुना आणि माणूस

नेरच्या बौद्ध वस्तीत कोणत्याही घरी जा, समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी हमखास दिसतील : तथागतांची आणि बाबासाहेबांची. लग्न त्यांच्याच साक्षीने लागते. त्यांच्या शेजारी पुष्कळदा एखादा जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो असतो. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे आजा खुर्चीवर ताठ बसला आहे आणि आजी त्याच्या खांद्याशी उभी आहे. त्या काळी घरात खुर्ची नसेलही, पण फोटोत आहे. प्रस्थापित इतिहासकाराला या चौकटीत काही वाचण्यासारखे वाटले नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी मात्र अशाच फोटोंतून आपला इतिहास उभा केला. त्यांच्या कॅमेऱ्याची हकीकत म्हणूनच आपण आपल्या हकीकतीशेजारी ठेवून वाचली पाहिजे.

तिची सुरुवात अपमानाने होते. 1850 साली हार्वर्डचे शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या सात गुलामांची छायाचित्रे काढवून घेतली. काळा माणूस हा वेगळ्या, हलक्या उत्पत्तीचा आहे हे त्यांना सिद्ध करायचे होते. रेंटी नावाच्या माणसाला आणि त्याच्या डेलिया या मुलीला कपडे उतरवून समोरून आणि बाजूने टिपले गेले. फोटो गुलामाचा, पण मालकी विद्यापीठाची. ती सोडायला हार्वर्डला 2025 साल उजाडले, तेही कोर्टकचेरी झाल्यावर.

दक्षिण कॅरोलिना हा कापसाचा मुलूख. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या कपाशीवर अधिकच घट्ट बसली. नेरच्या काळ्या मातीचे आणि त्या गुलामांचे नाते असे जुने आहे. हिशेब मांडणारा साहेब एकच होता आणि त्याचा कॅमेराही एकाच जातीचा होता. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड काढले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. जात, जमात, तिचा स्वभाव, तिची सरकारनिष्ठा, सगळे लिहिलेले आहे. फोटोतला माणूस बहुतेक ठिकाणी फक्त नमुना आहे. मनूने जे पोथीत केले तेच येथे भिंगाने केले, एवढाच फरक.

याला पहिले मोठे उत्तर फ्रेडरिक डग्लस यांनी दिले. 1838 मध्ये गुलामीतून निसटलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त वेळा छायाचित्र काढवून घेतलेला अमेरिकन ठरला. त्यांची सुमारे 160 छायाचित्रे सापडली आहेत. चांगला कोट, गंभीर चेहरा, थेट नजर. गोऱ्यांच्या व्यंगचित्रातला दात काढून हसणारा काळा त्यांना पुसायचा होता. छायाचित्रकलेवर त्यांनी व्याख्याने दिली. बाबासाहेबांच्या सुटाबुटाला नावे ठेवणाऱ्यांनी डग्लस यांचे फोटो एकदा पाहावेत. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र असू नये असा दंडक होता, त्यांच्या कोटाची घडी ही चैन नसते.

दुसरे उत्तर डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांचे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी कृष्णवर्णीयांची 363 छायाचित्रे मांडली. काही संग्रहांना नाव दिले ‘अमेरिकन निग्रोंचे नमुने’. शब्द शत्रूचाच, पण आत पाहावे तर शिकलेल्या मुली, दुकानदार, घराच्या ओसरीवर बसलेली कुटुंबे. त्यांतले कित्येक फोटो अटलांटाच्या थॉमस अॅस्क्यू या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने काढले होते. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. पत्राची गोष्ट आपण नेहमी सांगतो. मला त्या ओसऱ्या पाहून आठवतो तो फेब्रुवारी 1934 मधला राजगृहातला फोटो : बाबासाहेब, रमाई, यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रा. त्यात सभा नाही, मोर्चा नाही, फक्त एक घर आहे. पुढच्याच वर्षी, 27 मे 1935 रोजी, रमाई गेल्या.

आपल्या बाजूला काय आहे? मेल्यावर आपले फोटो छापून येतात. गाव जळाले की कॅमेरा येतो. जगण्याचा फोटो कोण काढतो? गॉर्डन पार्क्स यांनी 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना झाडू आणि पोछ्यासह अमेरिकेच्या झेंड्यापुढे उभे केले. तो फोटो जगभर गेला. पण पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत, ते त्यांच्या घरी गेले, चर्चमध्ये गेले, नातवंडांत बसले. मला ते फोटो झेंड्याच्या फोटोपेक्षा मोठे वाटतात. आपल्याकडे अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबाबत हेच केले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला आणि त्याचे घरही दाखवले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे जमवण्यात हयात घातली. पण हे सगळे एकेकट्याचे काम आहे. द्यु बॉइस यांचे संग्रह अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात जपलेले आहेत, आणि आपले फोटो ट्रंकेत, पावसाच्या ओलीत आहेत.

द्यु बॉइस यांच्या संग्रहात एक उणीव राहिली. बहुतेक फोटोंखाली नावे नाहीत. आज अभ्यासक एकेक चेहरा ओळखण्यासाठी धडपडतात. नेरमध्ये, दारव्ह्यात, विदर्भाच्या गावोगावी 14 ऑक्टोबर 1956 च्या आगेमागचे फोटो अजून भिंतीवर आहेत. त्या साली वीस वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. खुर्चीवर बसलेला तो कोण, मागे उभी ती कुणाची लेक, हे फक्त त्यांनाच सांगता येईल. फोटोची पाठ अजून कोरी आहे.