विसार की खूण? : वाङ्‍निश्चयाच्या अंगठीचे अर्थशास्त्र

काही दिवसांपूर्वी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. साखरपुडा ठरला आहे, मुलगी त्याच्याच कार्यालयातली. बोलता बोलता त्याने विचारले, "सर, अंगठीवर किती खर्च करावा? मित्र म्हणतात, दोन महिन्यांचा पगार हा नियम आहे." प्रश्न सराफाला विचारण्याजोगा, साहित्याच्या मास्तराला नव्हे. पण त्यातला 'नियम' हा शब्द मनात रुतून बसला. हा नियम कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? कोणी केला, केव्हा केला, आणि कोणासाठी?

अंगठी आणि विवाहवचन यांचे नाते जुने आहे, यात शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नोंदवतो की, रोममध्ये वाग्दत्त वधूला लोखंडाची, खड्याविना अंगठी पाठवण्याची रीत त्याच्या काळीही टिकून होती. पुढे रोमन कायद्यात वाङ्‍निश्चयाच्या वेळी काही मोलाची वस्तू किंवा रक्कम देण्याची प्रथा पक्की झाली. देणाऱ्याने वचन मोडले तर त्याने दिलेले बुडाले. घेणाऱ्याने मोडले तर घेतलेले अनेक पटींनी परत करायचे. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : विसार. घराचा, बैलजोडीचा सौदा ठरताना आपण जो देतो तोच. विसाराला रक्कम असावीच लागते, कारण त्याचे बळ बुडण्याच्या भीतीत असते. 'किती' हा प्रश्न या परंपरेत अगदी रास्त आहे.

पण आपल्याकडे अंगठीची आणखी एक कथा आहे, आणि तिचा न्याय निराळा आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात अंगठी नाही. दुष्यंत तिथे जाणूनबुजून नाकारतो आणि आकाशवाणी त्याला कबूल करायला लावते. शाप आणि मुद्रिका ही कालिदासाची भर. राजाचे नाव कोरलेली ती अंगठी 'अभिज्ञान' आहे, म्हणजे ओळखीची खूण. सहाव्या अंकाच्या आरंभी ती एका कोळ्याच्या हाती सापडते आणि नगररक्षक त्याला चोर म्हणून बडवत आणतात. त्यांच्या दृष्टीने ती केवळ एक मौल्यवान वस्तू आहे. पुढे राजा त्या कोळ्याला अंगठीच्या किमतीएवढेच बक्षीस देतो. शिपायांना वाटते, रत्न फार अमोल असणार. त्यावर त्यांचा वरिष्ठ म्हणतो की, राजाला रत्नाचे अप्रूप नव्हते, ती पाहून त्याला कुणी प्रिय माणूस आठवले. किंमत कोळ्याला चुकती झाली. राजाकडे उरली ती आठवण. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या नाटककाराने मोल आणि मूल्य यांतला फरक एका विनोदी प्रवेशात सांगून टाकला आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले ते याच अंगठीच्या कथेने, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तर विसार आणि खूण, अशी अंगठीची दोन कुळे. 'दोन महिन्यांचा पगार' हा नियम यांपैकी कोणत्या कुळातला?

त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जावे लागते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवत होता तो मुख्यतः भारत. गोवळकोंड्याचे नाव त्यामुळेच युरोपभर झाले. हिरा दुर्मीळ होता, म्हणून राजेरजवाड्यांचा होता. १८६७ च्या सुमारास ऑरेंज नदीच्या परिसरात हिरे मिळाले आणि १८७१ नंतर किंबर्लीच्या खाणींतून ते इतके निघू लागले की, दुर्मीळपणाच धोक्यात आला. सेसिल ऱ्होड्सने १८८८ मध्ये खाणी एकत्र करून 'डी बीअर्स' कंपनी उभी केली ती याच भयापोटी. पुरवठा एका मुठीत ठेवायचा आणि बाजारात बेताबेताने सोडायचा, हे तिचे सूत्र. कृष्णवर्णीय मजुरांना कुंपणबंद वसाहतींत कोंडून, त्यांची अंगझडती घेऊन हे हिरे बाहेर काढले जात होते, हेही त्या चमकदार इतिहासाचेच पान आहे.

पुरवठा आवळता येतो, मागणी मात्र निर्माण करावी लागते. महामंदीनंतर हिऱ्यांचे भाव घसरले. १९३८ साली कंपनीचे हॅरी ओपनहायमर न्यूयॉर्कला गेले आणि एन. डब्ल्यू. एअर या जाहिरातसंस्थेशी त्यांची बोलणी झाली. त्या वेळी अमेरिकेत वाङ्‍निश्चयासाठी विकल्या जाणाऱ्या हिऱ्याची सरासरी किंमत सुमारे ८० डॉलर होती. एअरने जे केले ते साहित्याच्या अभ्यासकांनी बारकाईने वाचावे असे आहे. जाहिरातीत 'आमच्याकडून घ्या' असे कुठे म्हटलेच नाही. पिकासो, डाली, दुफी यांच्या चित्रांनी जाहिराती सजवल्या, चित्रतारकांच्या अंगठ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांना पुरवल्या, शाळांमधून मुलींपुढे व्याख्याने ठेवली. वस्तू विकण्याआधी त्यांनी एक संकेतव्यवस्था विकली. १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने हिऱ्याच्या चिरंतनत्वाची घोषणा चार इंग्रजी शब्दांत लिहिली. १९९९ साली एका जाहिरातविषयक नियतकालिकाने तिला शतकातील सर्वोत्तम घोषणा ठरवले. गेरेटी स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिल्या.

त्या घोषणेतला 'चिरंतन' हा शब्द भाबडा नाही. चिरंतन वस्तू कोणी विकत नाही. घरोघरचे हिरे पुन्हा बाजारात आले असते तर भाव कोसळले असते. भावनेचा शब्द असा बाजाराचे कुलूपही होता.

पगाराचे गणित यानंतरचे. अमेरिकेत आधी एका महिन्याच्या पगाराची भाषा होती. १९८० च्या दशकातील जाहिरातींनी ती दोन महिन्यांवर नेली. जपानमध्ये तर तीन महिन्यांवर! तिथे १९६७ साली मोहीम सुरू झाली तेव्हा वाग्दत्त मुलींपैकी पाच टक्क्यांनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. १९८१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. चौदा वर्षांत एक 'परंपरा' तयार झाली. या सूत्राची रचनाही पाहण्यासारखी आहे. ते अंगठीची किंमत सांगत नाही, पुरुषाची किंमत विचारते. गरीब असो वा श्रीमंत, कोणीही त्यातून सुटत नाही, कारण माप प्रत्येकाच्या ऐपतीचेच घेतलेले असते.

तरीही सारा दोष जाहिरातीच्या माथी मारणे हे सोपे समीक्षण होईल. मार्गारेट ब्रिनिग या कायद्याच्या अभ्यासिकेने १९९० साली एक वेगळा मुद्दा मांडला. वचनभंग करणाऱ्या पुरुषावर दावा लावण्याचा हक्क अमेरिकेतील राज्ये १९३५ पासून रद्द करू लागली होती. मोडलेल्या वाङ्‍निश्चयाचे सामाजिक नुकसान तेव्हा मुख्यतः स्त्रीलाच सोसावे लागे. कायद्याचे संरक्षण गेले, तेव्हा महागडी अंगठी हाच तिचा तारण झाला. आणि मागणीतली वाढ जाहिरात-मोहिमेच्या आधीच दिसू लागली होती. म्हणजे जाहिरातीने बी पेरले नाही. ओल असलेल्या जमिनीत पेरणी केली. त्या जमिनीत होते स्त्रीचे असुरक्षित असणे. नियम रोमन विसाराच्याच कुळातला. फक्त त्याने कालिदासाची वस्त्रे पांघरली होती.

एमरी विद्यापीठातील अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालन यांनी २०१४ साली तीन हजारांहून अधिक विवाहित-घटस्फोटित अमेरिकनांची माहिती तपासली. अंगठीवर दोन ते चार हजार डॉलर खर्चणाऱ्या पुरुषांत घटस्फोटाचे प्रमाण पाचशे ते दोन हजार खर्चणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. महाग अंगठीने संसार मोडतो, असा अर्थ यातून काढता येणार नाही. महाग अंगठीने तो टिकतो, या समजाला मात्र आधार मिळत नाही.

आणि आपले काय? साखरपुडा या शब्दातच त्याचा खर्च सांगितलेला आहे : साखरेचा एक पुडा. गोड तोंडाने, चार माणसांसमक्ष दिलेला शब्द. ज्या दशकात किंबर्लीच्या खाणी खोदल्या जाऊ लागल्या, त्याच दशकात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, अल्प खर्चात, वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांनी विवाह लावायला आरंभ केला. एकीकडे वचनाला वजन यावे म्हणून दगड शोधला जात होता. दुसरीकडे वचनालाच वजन आहे असे मानले जात होते.

आपल्या घरांत मात्र या आयात नियमाने एक विचित्र रूप घेतले आहे. तिकडे निदान बोजा वरावर होता. इकडे मुलाची अंगठी, समारंभाचे सभागृह, मानपान यांचा भार बहुधा मुलीच्या बापावर पडतो, आणि १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याला ते 'हौसेने' दिलेले आहे असे सांगितले जाते. स्त्रीधनाची जुनी कल्पना निदान तिच्या हाती काही ठेवत होती. हिऱ्याची अंगठी तेही नीट करीत नाही, कारण विकायला गेल्यास खरेदीच्या किमतीचा मोठा भाग दुकानातच राहिलेला असतो. प्रयोगशाळेत वाढवलेला, रासायनिक दृष्ट्या तोच हिरा आज सुरतेतच तयार होतो आणि फार कमी किमतीत मिळतो. दुर्मीळपणाची कथा त्याने उरलीसुरलीही उघडी पाडली आहे.

त्या विद्यार्थ्याला मी आकडा सांगितला नाही. एवढेच म्हणालो की, तुमच्या दोघांपैकी कुणाला भीती असेल तर तिच्याबद्दल आधी बोला. दोघांच्या नावाचे घर, दोघांच्या नावाचे खाते, हे अंगठीपेक्षा चांगले विसार आहेत. आणि भीती नसेल तर खूण पुरते, तिला वजनकाटा लागत नाही. तो जरा थांबला. मग म्हणाला, "हा प्रश्न मी तिला अजून विचारलेलाच नाही, सर."