पेट्रोलची जीप डिझेलवर कुणी आणली?

जुनी महिंद्रा जीप कुठे उभी दिसली तर मालकाला विचारून एकदा बॉनेट उघडून बघा. कंपनीने दिलेलं पेट्रोल इंजिन आत असेलच याची खात्री नाही. ट्रॅक्टरच्या जातीचं, मॅटाडोरचं, नाहीतर जपानहून भंगारात आलेलं एखादं डिझेल इंजिन तिथे बसलेलं सापडेल.

आपण याला हसत हसत 'जुगाड' म्हणतो आणि विषय संपवतो. पण एकाच काळात हजारो माणसं एकच उद्योग करायला लागली की तो जुगाड राहत नाही. त्यामागे सरकारी धोरण असतं. आज सीएनजी, इलेक्ट्रिक आणि भंगार धोरण यावर रोज वाद चाललेत, म्हणून हा जुना इतिहास एकदा नीट लावून बघू.

सुरुवात पेट्रोलपासूनच झाली. महिंद्राने १९४७ मध्ये अमेरिकन विलिस जीप मुंबईत जोडायला घेतली. पुढे देशभर पसरली ती सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटवाली जीप. तिच्यात २.२ लिटरचं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन होतं. तेच इंजिन एफसी-१५० या सपाट तोंडाच्या छोट्या पिकअपमध्येही होतं. इंजिन दणकट, पण तहान मोठी. बीडीओ साहेबांच्या जीपचं पेट्रोल सरकार भरत होतं, तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. हीच जीप लिलावात निघाली आणि गावातल्या माणसाने घेतली की पंपावर पाकीट त्याचं स्वतःचं रिकामं व्हायचं.

मग आलं १९७३. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल उत्पादक देशांनी हात आखडता घेतला आणि बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेलं तेल १९७४ च्या सुरुवातीला जवळपास १२ डॉलरवर गेलं. आपल्याकडे पेट्रोल इतकं भडकलं की नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले.

त्या काळात सरकारने एक भेद केला, आणि तो पुढे जवळजवळ ४० वर्षं टिकला. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्या श्रीमंताचं इंधन, त्यावर कर लावा. डिझेल म्हणजे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि शेतीपंपाचं इंधन, ते स्वस्त ठेवा. हेतू वाईट नव्हता. डिझेल वाढलं की भाजी वाढते, हे कुठल्याही सरकारला कळतं. पण एकाच पंपावर दोन नळ आणि दोघांच्या दरात एवढी तफावत असेल, तर माणूस स्वस्त नळाकडे जाणारच. नळ बदलता येत नव्हता, म्हणून लोकांनी इंजिन बदललं.

हिशेब साधा होता. समजा पेट्रोलची जीप लिटरला ७ किलोमीटर देते आणि डिझेल बसवल्यावर ११ देते. वर डिझेलचा दर निम्मा. म्हणजे किलोमीटरमागचा इंधनखर्च थेट एक तृतीयांशावर आला. रोज शंभर किलोमीटर भाडं मारणाऱ्याला इंजिनाचा खर्च किती दिवसांत फिटेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नव्हता.

इंजिन बदलणारे हात आपल्याकडे तयारच होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं स्वातंत्र्याच्या आधीपासून बनत होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात उभी राहिली. विहिरीवरचा पंप, गुऱ्हाळ, पिठाची गिरणी अशी सगळीकडे डिझेल इंजिनं होती. त्यामुळे पंप-नोझल उघडून परत बसवणारा मिस्त्री तालुक्या-तालुक्यात सापडायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथ दोन्ही एका हाकेच्या अंतरावर. विहिरीवरचं इंजिन ज्यांनी आयुष्यभर दुरुस्त केलं, त्यांच्यासाठी जीपचं काम म्हणजे त्याच विद्येची पुढची इयत्ता होती.

पण काम सोपं होतं असं समजू नका. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून मिश्रण पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा दाब सोसायला इंजिनाचा ब्लॉक जाड लागतो, म्हणजे वजन वाढतं. ते वजन पुढच्या पाट्यांवर येतं, म्हणून पाटे वाढवायचे. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जुळत नाही, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट लेथवर कापून बसवायची. ती केसभर जरी तिरकी बसली तरी क्लच आणि बेअरिंग खाऊन टाकते. दाबलेलं इंजिन फिरवायला सेल्फ आणि बॅटरी मोठी. नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला वेगळी नळी. जुन्या डिझेल पंपाचं इंजिन चावी काढून बंद होत नाही, म्हणून डॅशबोर्डवर ओढायची दांडी.

आणि सगळ्यात मोठी भानगड वेगाची. ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन सावकाश फिरतं. पेट्रोल जीपच्या मागच्या धुऱ्यात ५.३८ ला १ असं गिअर गुणोत्तर होतं, तेही वेगाने फिरणाऱ्या इंजिनासाठी. तेच ठेवलं तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी सायकलच्या पुढे जाईना, अशी गत व्हायची. मग क्राऊन-पिनियन बदलणं आलं. थोडक्यात, इंजिन बदलायचं म्हणजे अर्धी गाडी नव्याने बांधायची.

मिस्त्रींनी हे केलं आणि कंपन्याही त्याच रस्त्याने गेल्या. महिंद्राने ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनावर आधारित इंजिन घालून सीजे-५००डी जीप काढली. ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या तंत्राचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनायला लागलं. पुण्याच्या बजाज टेंपोने मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या तंत्राचं छोटं डिझेल इंजिन दिलं, आणि तेच पुढे कित्येक ॲम्बेसेडर आणि जीपांच्या पोटात गेलं. हिंदुस्तान मोटर्सनेही १९८० च्या सुमारास ॲम्बेसेडरला डिझेल इंजिन दिलं. पेट्रोलची जीप बघता बघता मागे पडली.

याचा फायदा कुणाला झाला? प्रामाणिकपणे सांगायचं तर गावाला झाला. डिझेल जीप, कमांडर, ट्रॅक्स यांच्याशिवाय पश्चिम महाराष्ट्रातलं 'वडाप' आणि मराठवाडा-विदर्भातली 'काळी-पिवळी' उभीच राहिली नसती. जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथे बाजाराला, कॉलेजला आणि अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी होती. दाटीवाटीने बसवायचे, मागे लटकवायचे, परवान्याचा पत्ता नाही, हे सगळं खरं. पण पेट्रोलच्या दरात ते भाडं कुणालाच परवडलं नसतं.

तोटा कुणाला झाला? ज्यांनी तो धूर गिळला त्यांना. नव्वदच्या दशकात डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहून कमी दरात मिळत होतं, तेव्हा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही तोच हिशेब केला. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे वापरलेली जपानी डिझेल इंजिनं बसली. जुनं इंजिन, झिजलेले नोझल, वर कुठे कुठे रॉकेलची भेसळ. सिग्नलला उभ्या माणसाच्या तोंडावर काळा ढग. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं. २०१२ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं स्पष्टच जाहीर केलं.

दुसरीकडे स्वस्त डिझेलचा मूळ हेतूही हरवला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे नाही. २०१२ पर्यंत लिटरमागे २५-३० रुपयांची दरी पडली. शेतकऱ्यासाठी ठेवलेली सवलत लाखो रुपयांच्या डिझेल एसयूव्हीच्या टाकीत जायला लागली. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, धूर साफ करायची यंत्रणा महाग पडली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. चाळीस वर्षांचं गणित सहा-सात वर्षांत उलटलं.

कायदाही दरम्यान बदलला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आधी आरटीओची मंजुरी घेऊन आरसी बुकात बदलाची नोंद करता यायची. २००० च्या दुरुस्तीनंतर कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सुरक्षेसाठी नियम हवेतच. घरी कापलेल्या प्लेटवर आणि पेट्रोलच्या हलक्या इंजिनासाठी बनलेल्या ब्रेकवर जड गाडी घाटात सोडणं हा खेळ नव्हे. त्याच कलमात इंधन बदलण्याच्या किटला, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीला, अटींसह वाट ठेवलेली आहे. ती वाट चांगली आहे, पण मान्यताप्राप्त किटची किंमत आणि नोंदणीचे हेलपाटे छोट्या मालकाला झेपतात का, हा प्रश्न उरतोच.

माझा मुद्दा इथे आहे. १९७४ ते २०१४ या काळात सरकारने दराच्या पाटीवर 'डिझेल घ्या' असं लिहून ठेवलं होतं. छोट्या मालकाने ते वाचलं, कर्ज काढलं, इंजिन बदललं. मग पाटी बदलली आणि तोच माणूस प्रदूषण करणारा आणि बेकायदा ठरला. पाटी लिहिणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

हे परत घडायला लागलंय. सीएनजी स्वस्त म्हणून रिक्षावाल्यांनी, छोट्या टेंपोवाल्यांनी किट बसवले. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, मुंबईत दर ६० रुपये किलोवर आला. ऑगस्टमध्ये तोच ८६ वर होता. चार महिन्यांत! आज इलेक्ट्रिकबद्दल तेच आश्वासन दिलं जातंय. इलेक्ट्रिक वाईट असं मी म्हणत नाही, धूर कमी झालाच पाहिजे. पण लोकांना गाडी बदलायला सांगणाऱ्याने निदान गाडीचं कर्ज फिटेपर्यंत तरी आपला शब्द पाळावा. कराचा दर, अनुदान आणि चार्जिंगचा भाव किती वर्षं टिकेल हे आधी लिहून द्यावं. जुनी गाडी सुरक्षितपणे बदलायची असेल तर परवडणारं, तपासलेलं किट आणि एका खेपेत होणारी नोंद हवी. पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन तपासणी संस्था आहे. ज्ञान कमी नाही, ते तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोचलेलं नाही.

पुढच्या वेळी आमदार-खासदार 'नवीन इंधन धोरण' घेऊन येतील, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: साहेब, हा दर किती वर्षं?

तुमच्या भागात पेट्रोलची जीप किंवा पिकअप डिझेलवर कधी आली, कुठलं इंजिन बसवलं, वडाप कधी सुरू झालं, हे कमेंटमध्ये जरूर लिहा. हा इतिहास कुठल्या सरकारी कागदात सापडायचा नाही. तो आपल्या मिस्त्री लोकांच्या डोक्यात आहे, आणि ते आता थकत चाललेत.